चार गायी, काळपुळीचा संशय आणि खांबाची ताणतार

एका रात्रीत चार गायी मेल्या, नाकातून रक्त आलंय, पोटं टम्म फुगलीत, असा निरोप आला की कुठल्याही पशुवैद्यकाच्या मनात पहिलं नाव काळपुळीचं येतं, म्हणजे अँथ्रॅक्सचं. दुसरं विषबाधेचं. वस्तीवर या दोन्ही नावांची चर्चा मी पोचायच्या आधीच सुरू झाली होती. एका म्हाताऱ्या गुराख्याने मात्र जाता जाता वेगळंच सांगितलं. पहाटे अंधारात गायींजवळ गेलो तेव्हा अनवाणी पायांना मुंग्या आल्या, म्हणाला. ते वाक्य ऐकलं आणि मी सगळ्यांना पंधरा-वीस पावलं मागे घेतलं.

रात्री नुसती रिपरिप होती, गडगडाट नव्हता. गायी वस्तीच्या कडेला मोकळ्यावर बसायच्या. तिथेच विजेचा एक लोखंडी खांब, त्यावर रस्त्याचा दिवा आणि खांबाला ताण द्यायला जमिनीत गाडलेल्या सळईपर्यंत आलेली तिरकी ताणतार. एका गायीची मान ताणतारेला टेकलेली, दुसरी सळईवरच आडवी पडलेली, उरलेल्या दोघी दोन मीटरच्या आत कुशीवर. पाचवी गाय जिवंत होती, पण मागचे पाय उचलत नव्हती. सात-आठ मीटरवरची बाकीची गुरं ठणठणीत. भिंतीलगत बांधलेल्या शेळ्यांनाही काही झालं नव्हतं.

रोगाला किंवा विषाला असं अंतर मोजून मारता येत नाही. म्हणून मी मृत जनावराला हात लावण्याआधी कागदावर जागेचा नकाशा काढतो: खांबाचं बूड कुठे, ताणतार कुठे, प्रत्येक जनावराचं तोंड कुठल्या दिशेला, पुढच्या आणि मागच्या पायांचं सळईपासूनचं अंतर किती. शव हलवलं की हा पुरावा गेला, आणि लोकांना पहिली घाई शव हलवण्याचीच असते.

वायरमन आला. त्याने टेस्टर ताणतारेला लावला, दिवा लागला नाही. खांबाला लावला, तिथेही नाही. "करंट नाही, बिनधास्त जा," म्हणाला. तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी तरीही रोहित्रावरून तिन्ही फेज काढून ठेवायला लावल्या, आणि रस्त्याच्या दिव्यांचा स्विचही बंद आहे ना, हे बघायला लावलं. गुराख्याला आलेल्या मुंग्या आणि वायरमनचा कोरडा टेस्टर ही दोन्ही खरी असतील, तर मधल्या वेळात काहीतरी बंद झालं असणार. त्याचा उलगडा पुढे येईल.

आधी काळपुळी. इथे घाई चालत नाही. काळपुळीने मेलेलं जनावर न उघडता राहिलं, तर आतले जंतू कुजण्याच्या क्रियेत थोड्या दिवसांत मरतात. सुरी लावली की त्यांना हवेतला प्राणवायू मिळतो आणि ते बीजाणू, म्हणजे कवचबंद सुप्त रूप, बनवतात. ते मातीत कित्येक दशकं टिकतात. घोटाळा असा की काळपुळी आणि विजेचा धक्का बाहेरून बरेच सारखे दिसतात. दोन्हींत मृत्यू अचानक येतो, पोट लवकर फुगतं, नाकातोंडातून रक्ताळ फेस येऊ शकतो, रक्त काळसर आणि नीट न गोठलेलं असतं. ताठरतेवर भरवसा ठेवावा तर तोही अर्धवट. काळपुळीत शव नीट ताठरत नाही. धक्क्याने मेलेलं लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं. उशिरा पोचणाऱ्याला दोन्ही सैलच दिसणार.

म्हणून शव न उघडता कानाच्या शिरेतून सुईने थेंबभर रक्त घेतलं आणि टोचल्या जागी जंतुनाशकात भिजवलेला कापूस दाबून ठेवला. काचपट्टीवर पातळ लेप ओढून हवेवर सुकवायचा आणि निर्जल अल्कोहोलमध्ये मिनिटभर बुडवायचा. नुसती ज्योतीवर काचपट्टी फिरवणारे पुष्कळ आहेत, पण त्याने बीजाणू मरतीलच असं नाही. मग पॉलीक्रोम मेथिलीन ब्लू या मुरवलेल्या निळ्या रंगाचा थेंब तीस ते साठ सेकंद. धुतलेलं पाणी ब्लीचिंगच्या द्रावणात जायला हवं, जमिनीवर नव्हे. तेलाच्या भिंगाखाली हजारपट मोठं करून बघायचं. काळपुळी असेल तर चौकोनी टोकांच्या निळ्याकाळ्या काड्यांच्या साखळ्या दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण. जॉन मॅकफॅडियनने १९०३ साली वर्णन केलेली ही खूण जिथे प्रयोगशाळा दिवसभराच्या अंतरावर आहे तिथे आजही सर्वांत उपयोगी आहे. अडचण रंगाची. बाटलीवर 'पॉलीक्रोम' छापलेलं असतं, पण रंग मुरलेला नसेल तर आवरण गुलाबी दिसतच नाही आणि आपण निर्धास्तपणे 'नाही' लिहून मोकळे होतो. त्यामुळे काळपुळीची खात्री पटलेली एक जुनी काचपट्टी सोबत ठेवून, बाटली नवी आली की आधी त्यावर तपासणं बरं. शव चोवीस तासांपेक्षा जुनं असेल तर आतड्यातले क्लॉस्ट्रिडियम जंतू रक्तात शिरलेले असतात. तेही काड्यांसारखेच, पण टोकं गोल आणि आवरण नाही.

चारही लेपांत काही नव्हतं.

वस्तीतल्या कोणीतरी तोवर चुन्याची पोती आणून ठेवली होती. काळपुळीच्या संशयात चुना टाकायची सवय सगळीकडे आहे, पण चुन्यातलं कॅल्शियम बीजाणू टिकवायला मदत करू शकतं, म्हणून २००८ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तो वापरू नका असंच म्हटलं आहे. दुसरा आग्रह, उरलेल्या गुरांना लस आणि पेनिसिलिन एकदमच देऊन टाका, हा. काळपुळीवरची स्टर्नची लस जिवंत बीजाणूंची असते. प्रतिजैविकाने तेच मरतात आणि लस वाया जाते.

विषबाधेच्या तपासासाठी डोळ्याच्या गोळ्याच्या आतलं पाणी सुईने घेतलं. नायट्रेट तिथे बराच वेळ टिकतं आणि त्यासाठी शव उघडावं लागत नाही. नायट्रेटमध्ये रक्त चॉकलेटी होतं, कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडने लालभडक. इथे ते दोन्ही नव्हतं.

लेप स्वच्छ आल्यावरच शवविच्छेदन, तेही हातमोजे-बूट घालून आणि पुरण्याच्या खड्ड्याच्या काठावर. मान टेकलेल्या गायीच्या मानेवर बोटभर रुंद पट्ट्यात केस करपलेले आणि खालची कातडी कडक. सळईवर पडलेलीच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला तशीच रेघ. उरलेल्या दोघींच्या अंगावर काहीच नाही. ओल्या कातडीवर, कमी दाबाच्या (व्होल्टेजच्या) लाइनवर खूण उमटेलच असं नसतं. 'भाजल्याची खूण नाही, म्हणजे धक्का नाही' हा निष्कर्ष अहवालात वाचला की मला चीड येते. एकीच्या तोंडात न गिळलेला घास होता. चौघींच्या हृदयाच्या आतल्या अस्तरावर आणि श्वासनलिकेत टिपक्यांसारखे रक्तस्राव, श्वासनलिकेत फेस. अन्ननलिका मानेत रक्ताळ आणि छातीत फिकट, अशी रेघ नव्हती. ती असती तर पोटफुगी मरण्याआधीची मानावी लागली असती. प्लीहाही नेहमीच्या मापाची, काळपुळीतल्यासारखी सुजलेली नाही. कोठीपोटातला अर्धा किलो चारा आणि यकृत-मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मालिन न घालता बर्फात ठेवले, कारण विषाचा वाद पुढे उठणारच होता.

आता टेस्टरचं कोडं. खांबावर चार तारांशिवाय रस्त्याच्या दिव्यांची एक वेगळी तार असते. तिच्यात वीज अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंतच. दिव्याकडे गेलेली केबल ताणतार खांबाला आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्याला घासत होती. वर्षानुवर्षं उन्हात तडकलेलं वेष्टण तिथे उघडं पडलं होतं. पावसात ओल आली आणि रात्रभर ताणतार जिवंत झाली. सकाळी दिवे बंद, ताणतार निर्दोष. ताणतारेत मधे चिनी मातीचा इन्सुलेटर असता तर वरची वीज वरच राहिली असती. कधीतरी तार तुटल्यावर कोणीतरी तो गाळून नुसता जोड मारला होता. खालून बघितलं तर जोड दिसतो. नसलेली वस्तू कुणाच्या नजरेला येत नाही.

फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात. उत्तर साध्या भागाकारात आहे. गाडलेल्या सळईचा ओल्या काळ्या मातीतला विरोध साधारण २५ ओहम निघाला. २३० भागिले २५, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. दिव्यांचा फ्यूज १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हे चार-दोन दिवे जादा लागल्यासारखं. तो रात्रभर शांत राहणार. कोरड्या मुरमात विरोध आणखी वाढतो, प्रवाह आणखी कमी होतो आणि फ्यूज उडण्याची शक्यता आणखीच मावळते.

जमिनीत शिरलेली वीज सळईजवळ जोरदार आणि लांब जाताना झपाट्याने उतरत जाते. त्यामुळे जवळच्या दोन बिंदूंमध्येही दाबाचा फरक असतो. माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं, बूट घातलेलं, आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गायीच्या पुढच्या-मागच्या खुरांत दीड मीटर, खूर ओले, आणि वाटेत छाती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविद्दा पठारावर आकाशातल्या विजेने ३२३ रेनडिअर मेले, तेही जमिनीतून पायांवाटे गेलेल्या प्रवाहानेच. शेळीच्या पायांतलं अंतर गायीच्या निम्म्याहून कमी, शिवाय इथे शेळ्या लांबही होत्या. त्या वाचल्या म्हणून एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण चित्रात बसतं.

मोजणी संध्याकाळी केली. वीज बंद असतानाच सळईपासून ०.३ मीटर आणि १.८ मीटरवर प्रत्येकी दोन पत्रे, दहा बाय दहा सेंटिमीटरचे, खुरांच्या जागी ओल्या मातीत दाबून बसवले. लांब वेष्टित तारा ओढून मीटर बाहेर पंधरा मीटरवर कोरड्या फळीवर ठेवला. मग सगळे बाहेर आल्यावर दिव्यांची लाइन चालू. नुसत्या डिजिटल मीटरवर ६२ व्होल्ट. पण हा आकडा फसवा असतो. असा मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे त्याला कुठलाही भुताटकी दाब दिसतो. गायीऐवजी ५०० ओहमचा रेझिस्टर मीटरला समांतर जोडून मोजलं तेव्हा ४३ व्होल्ट, म्हणजे ८६ मिलिअँपिअर. गायीचा विरोध ५०० ओहम धरायची पद्धत दुभत्या गुरांवरच्या भटक्या, म्हणजे नको तिथे झिरपणाऱ्या, विजेच्या संशोधनातून आलेली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची १९९१ सालची पुस्तिका त्यातली पायाभूत. ताणतार आणि जमिनीवरचे पत्रे यांच्यात रेझिस्टरसह दीडशेच्या वर व्होल्ट, म्हणजे ३०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त.

यातून क्रम लागतो. ताणतारेला अंग घासायला आलेली आणि सळईला लागलेली, या दोघी थेट स्पर्शाने. दुसऱ्या दोघींसाठी ८६ मिलिअँपिअर हा हृदय तत्क्षणी बंद पाडणारा आकडा नाही, पण पाय आखडून गाय खाली पाडायला पुरेसा आहे. पडली की पोट-छाती ओल्या जमिनीला टेकते, छातीचे स्नायू आखडलेलेच राहतात आणि वीज काही थांबत नाही.

अहवालात मी 'विजेच्या धक्क्याने मृत्यू' एवढंच लिहीत नाही. अंतरांचा नकाशा, लेपाचा निकाल, प्रत्येक शवाच्या खुणा वेगवेगळ्या, मोजणी किती वाजता आणि कुठली लाइन चालू असताना घेतली, रेझिस्टर किती ओहमचा, हे सगळं. सकाळचा कोरडा टेस्टरही लिहिला, कारण भरपाईच्या वादात समोरची बाजू नेमका तोच कागद काढते.

जिवंत राहिलेल्या गायीच्या मागच्या पायांचे स्नायू दुखावले होते, हाड मोडलेलं नव्हतं. जाड गवताच्या बिछान्यावर दर चार तासांनी कूस बदलायची आणि पाणी तोंडाशी ठेवायचं, एवढीच खरी शुश्रूषा. तिसऱ्या दिवशी आधाराने उठली.

दुरुस्तीत केबल प्लास्टिकच्या नळीतून पट्ट्यापासून लांब नेली. ताणतारेत इन्सुलेटर घातला, तोही जमिनीपासून तीन मीटरच्या वर, म्हणजे त्याच्या खालचा हाताला-तोंडाला लागणारा भाग कुठल्याही परिस्थितीत मृतच राहील. दिव्यांच्या लाइनला गळती ओळखणारा ब्रेकर बसवला. सळईभोवती जनावराला अंग घासता येणार नाही असं कुंपण केलं. मग पत्रे पुन्हा त्याच जागी दाबले, माती पाण्याने भिजवली आणि दिवे लागेपर्यंत थांबलो. रेझिस्टरसह आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आला, तेव्हा गुरं पुन्हा तिकडे सोडायला हरकत नाही असं लिहून दिलं. त्याच लाइनवरच्या बाकीच्या ताणतारा तपासल्या, तर आणखी तीन ठिकाणी इन्सुलेटर नव्हताच.