साथीच्या काळात शोधनिबंध प्रसिद्ध करताना : माझा अनुभव

कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्या अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नोंदींवरून निरीक्षणात्मक शोधनिबंध तयार करून तो प्रसिद्धीला नेण्याचे काम माझ्याकडे आले. नैतिकता समितीने तातडीच्या प्रस्तावांसाठी वेगळ्या बैठका ठेवल्या होत्या, आणि माहिती जुन्या केसपेपरांवरून, रुग्णांची ओळख वगळून घ्यायची असल्याने प्रत्येकाच्या लेखी संमतीची अटही शिथिल झाली. लेखनालाही फार वेळ लागला नाही. वाद झाला तो निबंध पाठवायचा केव्हा, यावर, कारण काही रुग्ण अजून दाखलच होते.

आमच्या तक्त्यात तीन रकाने होते : बरे होऊन घरी गेलेले, दगावलेले आणि अजून खाटेवर असलेले. हा तिसरा रकाना काहींना गैरसोयीचा वाटत होता, कारण तो ठेवला की सारांशात एकच ठसठशीत टक्केवारी देता येत नव्हती. मी मात्र त्यावर अडून राहिले, आणि त्याला कारण होते. २२ एप्रिल २०२० रोजी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्क परिसरातील ५,७०० रुग्णांवरचा निबंध आला आणि त्यातील व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा ८८.१ टक्के मृत्युदर जगभर गाजला. हा आकडा काढला होता तो ज्यांचा निकाल लागला होता, म्हणजे जे घरी गेले किंवा दगावले होते, अशा ३२० जणांवरून, ज्यांपैकी २८२ दगावले होते. व्हेंटिलेटरवर ठेवलेले रुग्ण होते १,१५१, आणि त्यांतले ८३१ त्या तारखेला रुग्णालयातच होते. सर्वांना हिशेबात धरले की तेच २८२ मृत्यू २४.५ टक्क्यांवर येतात. नियतकालिकाने लगेच दुरुस्ती केली खरी, पण तोवर पहिला आकडा वर्तमानपत्रांत पोहोचला होता. खरे उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी होते आणि ते त्या ८३१ जणांच्या हाती होते, हे समजावून सांगितल्यावर आमचा तिसरा रकाना शाबूत राहिला.

दरम्यान निबंध प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच सर्वांना खुला मसुदा म्हणून, 'मेडआर्काइव्ह' या संकेतस्थळावर ठेवावा असे ठरले. जून २०१९ मध्ये सुरू झालेला हा मंच साथीत एकाएकी प्रत्येकाच्या तोंडी आला होता. तेथे होते ती समीक्षा नव्हे, प्राथमिक छाननी. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, वाङ्मयचौर्य नाही ना, रुग्णाची ओळख उघड होत नाही ना, एवढे पाहून निबंध खुला केला जातो, आणि त्यावरून रुग्णांचे उपचार ठरवू नयेत असा इशाराही दिला जातो. एका ज्येष्ठ सहलेखकाला भीती होती की आधी जाहीर झालेला निबंध मग कोणी छापणार नाही. इबोलाच्या साथीनंतर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१५ मध्येच स्पष्ट केले होते की, जनआरोग्यासाठी तातडीची माहिती आधी खुली केल्याने प्रसिद्धीला बाधा येणार नाही, आणि संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम या ब्रिटिश संस्थेच्या ३१ जानेवारी २०२० च्या संयुक्त निवेदनातही तेच होते. हे दाखवल्यावर ती शंका मिटली.

पहिल्या नियतकालिकाने निबंध समीक्षकांकडे न पाठवताच परत केला. त्याचे मला वाईट वाटले नाही. तसल्या निबंधांचा त्यांच्याकडे पूर लोटला होता. दुसऱ्या ठिकाणी मात्र संपादकांनी पहिल्याच पत्रात विचारले की, मूळ नोंदी कोणकोणत्या लेखकांनी स्वतः पडताळल्या आहेत. या प्रश्नामागे ताजा इतिहास होता. ६७१ रुग्णालयांतील ९६,००० हून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाबद्दलचा निबंध 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २२ मे रोजी छापला, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला, आणि ४ जूनला तो निबंध मागे घ्यावा लागला, कारण ज्या कंपनीकडे ती माहिती होती तिने ती स्वतंत्र पडताळणीसाठी दिलीच नाही. आम्ही दोघांची नावे दिली आणि नोंदी पडताळण्याची रीतही लिहून कळवली.

समीक्षकांपैकी एकाचा अभिप्राय दोन ओळींचा होता. थकलेल्या माणसाने रात्री उशिरा लिहिलेला असावा. दुसऱ्याने मात्र आमच्या कामाचा गाभाच पकडला. घरी जाणे आणि दगावणे हे एकमेकांना वगळणारे निकाल आहेत, तेव्हा घरी गेलेल्यांना 'पाठपुरावा तुटलेले', म्हणजे पुढे काय झाले ते माहीत नसलेले, असे धरणे योग्य नाही. त्याऐवजी दोन्ही निकालांचे संचयी प्रमाण, म्हणजे दिवसागणिक वाढत जाणारी एकूण टक्केवारी, स्वतंत्र आलेखांनी दाखवा आणि प्रत्येक रुग्णाचा किमान २८ दिवसांचा पाठपुरावा पूर्ण करा, असे त्याने सुचवले. काहींना हा वेळकाढूपणा वाटला. मला तो वाटला नाही. कोविडवरील उपचारांच्या 'रिकव्हरी' या ब्रिटिश चाचणीतील डेक्सामेथासोन या स्टिरॉइड औषधाचा निष्कर्ष १६ जूनला जाहीर झाला, २२ जूनला प्रीप्रिंट आला आणि १७ जुलैला नियतकालिकात प्रसिद्धी मिळाली. इतक्या वेगातही त्यांचे मोजमाप २८ दिवसांतील मृत्यूंचेच होते आणि ते आधीपासून ठरलेले होते. आम्ही पुन्हा केसपेपर काढले, तिसरा रकाना जवळजवळ रिकामा झाला, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचा मृत्युदर आमच्या पहिल्या मसुद्यातल्या दोन्ही टोकांच्या, म्हणजे फक्त निकाल लागलेल्यांवरून आणि सर्वांवरून काढलेल्या आकड्यांच्या, मधे स्थिरावला.

स्वीकृतीनंतरची कामे किरकोळ होती : मुद्रिते तपासणे, खुल्या प्रसिद्धीच्या शुल्कात सूट मिळवणे, लेखकांचे हितसंबंध जाहीर करणे. एक काम मात्र माझ्या आग्रहामुळे झाले. प्रीप्रिंटची सुधारित आवृत्ती आम्ही चढवली आणि आकडे का बदलले हे तिच्या सुरुवातीलाच लिहिले, कारण जुनी आवृत्ती तेथून पुसली जात नाही आणि वाचणारा कोणती उघडेल याचा भरवसा नसतो. पुढे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या एका गटाने आमच्याशी संपर्क साधला. त्यांनी पहिल्या आवृत्तीतले आकडे घेतले होते, आणि खाटेवर असलेल्यांचे पुढे काय झाले एवढेच त्यांना हवे होते. अंतिम तक्ता त्याच दिवशी त्यांना पाठवला.