१९६९ ची कॅमॅरो: खरी कशी ओळखायची आणि रिस्टोर करताना काय पुसायचं नाही

जुनी मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली दमदार इंजिनाची अमेरिकन गाडी) घ्यायला गेलेला माणूस आधी पेंट बघतो, मग आवाज ऐकतो आणि तिथेच अर्धा विरघळतो. मी डेट्रॉइटजवळ राहतो, इथे दर ऑगस्टमधे वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून चालू आहे, त्या आठवड्यात सिग्नलला आपल्या शेजारी कुठली गाडी येऊन उभी राहील सांगता येत नाही, त्यामुळे हे वेड लागायला वेळ लागत नाही. पण या गाड्या जवळून बघायला लागल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, पेंट सगळ्यात शेवटी बघायचा. आणि दुसरं म्हणजे, गाडीचा अस्सलपणा सिद्ध करणाऱ्या कितीतरी खुणा चोरबाजारात नाही तर रिस्टोरेशन शॉपमधेच, चांगल्या हेतूने, घासून काढल्या जातात. आज त्याबद्दलच लिहायचंय.

उदाहरण एकच घेतो, माझी सगळ्यात आवडती, १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झी-२८, म्हणजे रेसिंगसाठी काढलेली खास कॅमॅरो. ट्रान्स-ॲम या अमेरिकन रेस मालिकेत इंजिन ३०५ क्यूबिक इंचाच्या आत लागायचं, म्हणजे साधारण पाच लिटर. शेव्हरोलेने मग आपल्या ३२७ क्यूबिक इंची इंजिनचा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३ वाल्याचा तीन इंची स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) एकत्र केला आणि झालं ३०२. कागदावर २९० हॉर्सपॉवर. १९६७ ला पहिल्या वर्षी अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या, १९६९ मधे वीस हजारांच्या वर. सोबत फोर स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्सच, पुढे डिस्क ब्रेक, मागे १२-बोल्ट ॲक्सल. ऑटोमॅटिक नाही, एसी नाही. कोणी ऑटोमॅटिक झी-२८ दाखवली तर ती नंतर बदललेली तरी आहे नाहीतर मुळात झी-२८ नाहीच.

आता खरी अडचण. १९६९ च्या कॅमॅरोचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख क्रमांक, काय सांगतो? १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-एट कॅमॅरो, ३७ म्हणजे हार्डटॉप कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड प्लांट (कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसला बनली असेल तर एल). बस. झी-२८ आहे की साधी व्ही-एट, हे व्हिनमधे कुठेच नाही. म्हणजे साध्या गाडीवर पट्टे मारले, बॅज लावले, इंजिन टाकलं की बाहेरून झी-२८ तयार, आणि किमतीतला फरक बघता हे करायचा मोह किती जणांना होत असेल याचा विचार करा.

म्हणून बॉनेट उघडून इंजिनचा पॅड बघायचा. समोर उभं राहून आपल्या डाव्या हाताला, म्हणजे अमेरिकन गाडीत पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट तुकडा बाहेर दिसतो, १९६९ ला अल्टरनेटर त्याच बाजूला आला त्यामुळे मान वाकडी करून आणि टॉर्च तिरका धरूनच बघावं लागतं. तिथे इंजिन प्लांटचा शिक्का असतो, व्ही म्हणजे फ्लिंट, मग महिना आणि तारीख, शेवटी डीझी. डीझी म्हणजे झी-२८ चं ३०२. याशिवाय गाडी जोडली गेली त्या प्लांटमधे व्हिनचा भाग परत ब्लॉकवर मारलेला असतो, १९एन आणि पुढचे सहा आकडे, कधी याच पॅडवर तर काही गाड्यांत ऑइल फिल्टरच्या वर. दोन शिक्के, दोन वेगळे कारखाने, दोन वेगळे कामगार. त्यामुळे ते एका सरळ रेषेत, एकाच खोलीचे, एकाच वळणाचे असले तर मला आनंद होत नाही, शंका येते.

आणि अक्षरांच्याही आधी बघायचा तो पॅडचा पृष्ठभाग. कारखान्यात ब्लॉक ब्रोचिंग मशीनवर सपाट करायचे, त्याच्या अगदी बारीक समांतर रेघा पॅडवर राहतात, केसासारख्या, बोट फिरवून कळणार नाहीत पण तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतात. कोणी जुना नंबर घासून नवीन मारला की या रेघा जातात. हल्ली त्या रेघासुद्धा खोट्या काढणारे लोक आहेत, पण शिक्का रेघांवर बसलाय की रेघा शिक्क्यावरून गेल्यात हे भिंगाखाली बघितलं तर बरंच उमगतं. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात ना, तशी छाप पॅडची पण घेऊन ठेवायची, फोटोत न दिसणारं त्यात दिसतं.

मागच्या वर्षी मी आणि एक मित्र ओहायोत एक केशरी झी-२८ बघायला गेलो होतो. विकणारा सांगत होता नंबर्स मॅचिंग, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं, सगळं ओरिजिनल. पॅड बघितला तर आरशासारखा गुळगुळीत, एक रेघ नाही, आणि दोन्ही शिक्के एकाच माणसाने एका बैठकीत मारल्यासारखे. तरी म्हटलं तारखा बघू. ब्लॉकच्या मागच्या बाजूला कास्टिंगची तारीख असते, महिन्याला अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. क्रम कायम असाच लागतो की आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. समजा एल २७ ८ ला ओतलेला ब्लॉक, जानेवारीच्या ९ तारखेला जोडलेलं इंजिन आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर ०१सी म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा, तर बसतं सगळं. या गाडीत ब्लॉकच गाडीनंतर ओतलेला होता. मित्राचा चेहरा उतरला, गाडी खरंच सुंदर होती. आम्ही आभार मानून निघालो.

तो फायरवॉलवरचा टॅगही वाचायला शिका. पेंट कोड, ट्रिम कोड, आठवडा, आणि डिसेंबर १९६८ पासून नॉरवुडच्या गाड्यांवर एक्स कोड. एक्स३३ आणि एक्स७७ म्हणजे झी-२८. व्हॅन नाइसच्या टॅगवर हे कोड नसतात, म्हणून तिथल्या गाडीवर एक्स३३ दिसला तर लगेच थांबा. टॅग नवीन बनवूनही मिळतात, त्यामुळे फक्त टॅगवर विश्वास ठेवायचा नाही. व्हिनचा भाग बॉडीवर अजून दोन ठिकाणी लपवलेला असतो, एक हीटर बॉक्सच्या मागे आणि एक काचेखालच्या काउल पॅनेलच्या खाली. हे उघडायला मेहनत आहे, पण डॅशवरची व्हिन प्लेट दुसऱ्या गाडीची आहे का ते इथेच कळतं, आणि तसं असेल तर तो सरळ सरळ गुन्हा आहे.

कागदांच्या बाबतीत पाँटियाक आणि फोर्डवाले नशीबवान. पाँटियाकची जुनी इनव्हॉइसेस पीएचएसकडे (पाँटियाक हिस्टॉरिकल सर्व्हिसेस) आहेत, व्हिन द्या, गाडी कशी ऑर्डर झाली होती ते येतं, आणि १९६४-६५ च्या जीटीओला तर याची गरजच आहे कारण तेव्हा जीटीओ म्हणजे पाँटियाकच्या लमॅन्स गाडीवरचं ऑप्शन पॅकेज होतं, व्हिनमधे दिसत नाही. फोर्डसाठी १९६७ पासूनच्या गाड्यांचा असाच मार्टी रिपोर्ट मिळतो. कॅनडात विकलेल्या जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोले आणि पाँटियाकची मूळ कंपनी) गाड्यांची माहिती तिथल्या जीएमच्या नोंदींतून मिळते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेसाठी असं काहीच नाही! कॅमॅरो असो की १९७० ची ४५० हॉर्सपॉवरची एलएस-६ शेव्हेल, मूळ मालकाकडचे कागद, वॉरंटी बुकातली ती छोटी धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमधे अडकून राहिलेली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद), यावरच सगळं.

आणि म्हणूनच रिस्टोरेशनबद्दल मी इतकं कळकळीने सांगतोय. गाडी शॉपमधे गेल्या दिवशीच टाकी उतरवून धुतली, सीट फाडून फेकली, की ती बिल्ड शीट कचऱ्यात. फायरवॉलवर कामगारांनी क्रेयॉनने काढलेले आकडे, बोल्ट आवळला हे सांगणारे रंगाचे ठिपके, खालच्या बाजूला फवाऱ्यातून उडून बसलेला पेंट, ओघळ, हे सगळं सँडब्लास्टिंगमधे एका दुपारी जातं, आणि मग तेच ठिपके पुस्तकात बघून नव्याने काढतात. कारखान्यातून गाडी कधीच आरशासारखी निघत नव्हती. तेव्हा जीएमचा पेंट लॅकर होता, पॅनेलमधल्या फटी कमीजास्त असायच्या. कॉर्व्हेटवाल्यांच्या एनसीआरएस या संस्थेच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का यावर मार्क असतात, नको तेवढी चकाचक केली तर मार्क कापतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. एकही नट सोडवायच्या आधी सगळीकडचे फोटो काढा, मळ न पुसता. काढलेला प्रत्येक पार्ट, गंजलेला असला तरी, नंबर वाचून होईपर्यंत टाकू नका. काचेवर, अल्टरनेटरवर, डिस्ट्रिब्युटरवर, गिअरबॉक्सवर तारखा असतात.

क्लोनला माझा विरोध नाही हे पण सांगतो. साध्या कॅमॅरोवर कोणी मनापासून झी-२८ उभी केली, चालवली, विकताना क्लोन म्हणून सांगितली, तर उत्तम. खोटा शिक्का मारणारा मात्र पुढच्या प्रत्येक मालकाला फसवत राहतो, त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

मित्राला शेवटी एक खरी मिळाली, एक्स७७, रंग गेलेला, डाव्या फेंडरला गंज, पण पॅडवर रेघा शाबूत आणि तारखा जुळणाऱ्या. इंजिन सध्या मशीन शॉपमधे आहे. तिथला माणूस म्हणाला ब्लॉकचा डेक, म्हणजे सिलिंडर हेड बसतो तो वरचा सपाट भाग, थोडा वाकलाय, वरून एक हलका कट मारावा लागेल, जो नेहमीच्या पद्धतीने मारला तर पॅडही त्यात जातो. बोलून ठरवलंय की कटर पॅडच्या आधी थांबवायचा, पॅड तसाच किंचित उंच राहील, इंजिनला त्याने काही फरक पडत नाही. पॅडवर आत्ता टेप लावलीय आणि ब्लॉकवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, इथे हात लावू नका.