पुरंदरावर, गंगाबाईंच्या वाड्यापाशी

शनिवारवाड्यात गेलं की पाय आपोआप नारायण दरवाज्याकडे वळतात. ‘काका, मला वाचवा’ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण त्या रात्री वाड्यात मागे राहिलेल्या नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंचं पुढे काय झालं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून यंदा भाद्रपदात पुरंदर गाठला.

दिवेघाट, सासवड, नारायणपूर. गड लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र दाखवून वर सोडतात. पुरंदरेश्वराचं दर्शन घेतलं, मागच्या रामेश्वरापाशी टेकले आणि थोडं वर चढून पेशव्यांच्या वाड्याच्या जोत्यावर आले. भिंतींचे अवशेष, गुडघाभर गवत, मागे विहीर. गंगाबाईंच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा जन्म इथला.

तिथं बसून मी बोटांवर महिने मोजले. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला, ऐन गणपतीत. मुलाचा जन्म १८ एप्रिल १७७४ला. साडेसात महिने! म्हणजे गारदी वाड्यात घुसले तेव्हा गंगाबाईंना नुकतेच कुठे दिवस गेले असणार. अठरा वर्षांचा नवरा डोळ्यांदेखत नाहीसा झाला, पेशवेपद रघुनाथरावांकडे गेलं, आणि पोटात त्याच पदाचा वारस. त्याच छपराखाली रोज समोर येणारं ताट कुणाच्या विश्वासावर तोंडी लावायचं? हा विचार आला आणि माझ्या हातातली दशमी तशीच राहिली.

रघुनाथराव मोहिमेवर गेलेले पाहून नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, जानेवारीत गंगाबाईंना पुरंदरावर आणलं. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, याचं मला फार बरं वाटलं. पानिपतानंतरची सगळी वर्षं नवऱ्याची वाट पाहण्यात घालवलेली बाई या मुलीपाशी होती.

आणि मग बारभाईंनी गंगाबाईंच्या नावानं कारभार सुरू केला. मूल जन्माला यायचं होतं, मुलगा की मुलगी कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी राज्य चाललं ते या विधवेच्या नावावर. मुलगी झाली तर बदलायला म्हणून आणखी गरोदर बायका गडावर ठेवल्यात, अशी आवईसुद्धा उठली होती. बाळंतपणाच्या कळा सोसायच्या आणि आपल्याच पोटच्या लेकराबद्दल हे ऐकायचं. मला याचा आजही राग येतो.

मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. १७७७ साली गंगाबाई गेल्या तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

जोत्याच्या कडेला तेरडा फुलला होता. त्यातली चार फुलं तोडून मी दगडावर ठेवली. ढग खाली उतरत होते, समोरचा वज्रगड दिसेनासा झाला. पाच वाजायच्या आत गड सोडायचा होता, म्हणून निघाले.