गॅमा किरणांचे उमेदवार रेडिओच्या यादीतून

जून ते सप्टेंबर या काळात गुहागरात दुर्बीण बाहेर काढण्याला काही अर्थ नसतो. मात्र खगोलशास्त्राचे पुष्कळसे काम सर्वेक्षणांच्या खुल्या नोंदींवर होते आणि वीज टिकली तर पाऊस त्याच्या आड येत नाही. म्हणून या दिवसांत मी गॅमा किरण देऊ शकतील अशा सक्रिय दीर्घिका, म्हणजे केंद्रातील कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या दीर्घिका, हुडकत बसतो.

गॅमा किरण टिपण्यासाठी २००८ साली सोडलेला फर्मी उपग्रह सुमारे तीन तासांत सारे आकाश पाहून घेतो, पण १० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एकेका फोटॉनची (प्रकाशकणाची) दिशा सांगताना तो सुमारे ५ अंशांनी चुकू शकतो. अनेक फोटॉन जमवून ही अनिश्चितता पुष्कळ कमी करता येते. तरीही मंद स्रोताच्या अनिश्चिततेच्या वर्तुळात दोन-चार रेडिओ स्रोत सहज सापडतात. त्यांतला गुन्हेगार बहुधा ब्लेझार असतो, म्हणजे जिच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळजवळ आपल्याच रोखाने येतो अशी दीर्घिका. फर्मीच्या चौथ्या यादीतील ५,०००हून अधिक स्रोतांपैकी निम्म्याहून जास्त ब्लेझारच आहेत.

तो ओळखायची पहिली खूण म्हणजे सपाट रेडिओ वर्णपट, म्हणजे वारंवारता बदलली तरी रेडिओ तेज फारसे न बदलणे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेले सर्वेक्षण आणि अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीचे १.४ गिगाहर्ट्झवरचे सर्वेक्षण शेजारी ठेवावे. समजा, दोन स्रोत व्हीएलएला सारखेच, ३५० मिलिजान्स्कीचे (हे रेडिओ तेजाचे एकक) दिसतात. जीएमआरटीला त्यांतला एक २,००० मिलिजान्स्कीचा दिसला, तर निर्देशांक, म्हणजे वारंवारतेनुसार तेज किती झपाट्याने बदलते ते सांगणारा आकडा, उणे ०.७८ येतो, हा दूरवर पसरलेल्या जुन्या रेडिओ-ढगांचा प्रकाश. दुसरा ४०० मिलिजान्स्कीचाच दिसला, तर निर्देशांक उणे ०.०६ येतो, आणि मी त्यालाच यादीत घेतो. उणे ०.५ ही रूढ सीमारेषा आहे. मात्र या दोन सर्वेक्षणांत दीड दशकाचे अंतर आहे आणि ब्लेझारचे तेज सतत बदलते, त्यामुळे सीमेलगतच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

अशा वेळी वाइज उपग्रहाची अवरक्त निरीक्षणे कामी येतात, कारण झोताचे रंग धुळीने भरलेल्या किंवा नुसत्या ताऱ्यांच्या दीर्घिकांपेक्षा वेगळे पडतात. हे सारे जुळले तरी ती केवळ संभाव्यता असते; दृश्य प्रकाशासारखे दुसरे किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी भडकले, तरच ओळख पक्की मानतात. आणि सगळ्या खुणा असूनही फर्मीला न दिसलेले उमेदवार मी खोडत नाही, कारण ते सध्या शांत अवस्थेत असू शकतात.