माझा अनुभव: उदमांजराचा गेम स्टीमवर नेताना

स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात माझ्या गेमचं 'कमिंग सून' पान, म्हणजे गेम लवकरच येतोय असं सांगणारं पान, एकदाचं लाइव्ह झालं. गोरेगावात घरी बसून, नोकरी सांभाळून एकटीने केलेला गेम आहे. या प्रोसेसबद्दल मराठीत फारच कमी वाचायला मिळालं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गेमचा हीरो उदमांजर, कोकणात कांडेचोर म्हणतात तेच. आरेच्या बाजूला आणि नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये अजूनही दिसतं. रात्री निघतं, वड, उंबर, चिकू, आंबा जे पिकलं असेल ते खातं आणि त्याच्या विष्ठेतून बिया लांब लांब जाऊन पडतात. अख्खा गेम यावरच उभा आहे. उंबर खायचं, वाडीत कुठेही जाऊन बी टाकायची, पुढच्या रात्री तिथे रोप, मग झाड, आणि त्या झाडावरून आधी हाताला न लागणाऱ्या छपरावर जाता येतं. लढाई नाही, टायमर नाही, कोणी मरत नाही. वाडी गिरगावातल्या जुन्या वाड्यांसारखी केलीये, लाकडी जिने, कॉमन गॅलऱ्या, मंगलोरी कौलं, मागे विहीर.

एवढा लहान गेम करायची हिंमत 'अ शॉर्ट हाइक'मुळे आली. २०१९चा गेम, अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांचा. क्लेअर नावाचं पक्ष्याचं पोर फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगराच्या टोकावर जायला निघतं, बस एवढीच गोष्ट, दीड-दोन तासांत संपते, आणि २०२० मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस त्यालाच मिळालं. वर जायचा रस्ता सोडून तुम्ही मासे धरत बसलात, शिंपले गोळा करत राहिलात तरी तो गेम तुम्हाला कुठेही घाई करत नाही. मला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला उडीत. कौलाच्या कडेवरून उडी मारताना खेळणाऱ्याचं बोट नेहमी किंचित उशिरा दाबलं जातं, म्हणजे पाय कडेवरून सुटलेले असतात आणि मग बटण दाबलं जातं, आणि त्याला मात्र शंभर टक्के वाटत असतं की मी वेळेवर दाबलं. म्हणून कड सुटल्यावरही साधारण सेकंदाचा दहावा भाग उडी मारू द्यायची, याला कोयोटी टाइम म्हणतात, प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, सर्रास वापरतात. हे घातल्यावर तेच उदमांजर एकदम चपळ वाटायला लागलं. शिवाय पडताना शेपटी आधी उलट्या बाजूला जाते आणि मग अंग सावरतं, एवढं अ‍ॅनिमेशन केलं, आणि मग मी स्वतःच कितीतरी वेळ नुसती छपरावरून उड्या मारत बसले होते.

टेस्टिंगला बिल्डिंगमधली मुलं. तिसरीतली एक मुलगी मेन रस्ता सोडून सरळ पाण्याच्या टाकीमागे शिरली, तिथे अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, इथे काय आहे?" मी म्हटलं, "तुला काय असावं वाटतं?" तर म्हणे, "कोणीतरी राहत असेल ना." आता तिथे एक म्हातारी घूस राहते, ती वाडीच्या जुन्या गोष्टी सांगते. माझ्या मते या प्रकारच्या गेमचा जीव इथेच असतो, माणूस कुतूहलाने जिथे वळेल तिथे त्याच्यासाठी कोणीतरी किंवा काहीतरी हवं, नकाशा मोठा नसला तरी चालेल. त्यानंतर मी नकाशा अर्धा केला आणि उरलेला कोपरान् कोपरा भरला.

संवाद मराठीत ठेवायचे हे पहिल्यापासून पक्कं होतं. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) फुकट आहे आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून त्यात जोडाक्षरं, रफार, वेलांट्या नीट बसतात, आधीच्या ३ मध्ये देवनागरी फुटायची, त्यामुळे मराठीत करायचं असेल तर ४च घ्या. फॉन्ट 'बालू' घेतला, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचा, ओपन लायसन्सचा म्हणजे कोणीही फुकट वापरावा असा, गोलमटोल अक्षर आहे आणि उदमांजराच्या तोंडी फार शोभतं.

आता कागदपत्रं. स्टीमची फी प्रत्येक गेममागे १०० डॉलर, गेमने १००० डॉलर कमावले की ती परत मिळते. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून घ्या. मग बँक आणि टॅक्स. पॅनवर माझं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण, आणि बँकेत नुसती आद्याक्षरं, स्टीमला तर दोन्हीकडे एकच नाव लागतं. बँकेत सांगितलं "होऊन जाईल मॅडम", आणि ते होईपर्यंत इतक्या चकरा झाल्या की शेवटी ब्रँच मॅनेजरच्या केबिनमध्येच जाऊन बसले, तेव्हा काम झालं. आमच्या ब्रँचला स्वतःचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड, नव्हता, फोर्टच्या मोठ्या ब्रँचचा घ्यावा लागला, तोही तिथेच विचारून घेतला. टॅक्सच्या फॉर्ममध्ये पॅन नंबर नक्की टाका. अमेरिकेतल्या विक्रीवर एरवी ३० टक्के कापतात, भारत-अमेरिका करारामुळे ते १५ वर येतं.

फी भरल्यापासून ३० दिवस गेम रिलीज करता येत नाही, आणि कमिंग सून पान निदान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. पानासाठी कमीत कमी पाच स्क्रीनशॉट, तेही खऱ्या खेळातले. पान तपासायला कामाचे तीन ते पाच दिवस धरतात, बिल्ड, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा गेम, वेगळं तपासतात. माझं पान पहिल्या झटक्यात पास झालं, घरात आईने साखर वाटली.

पुढचा टप्पा स्टीमच्या नेक्स्ट फेस्टचा, म्हणजे येणाऱ्या गेमचा डेमो लोकांना फुकट खेळायला द्यायचा. फेस्ट वर्षातून तीनदा असतो, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर, पण एक गेम एकदाच भाग घेऊ शकतो. वाडीतली पावसाळी रात्र अजून अर्धवट आहे, ओल्या कौलांवर पाय किती घसरू द्यायचा तेच ठरत नाहीये, आणि ती रात्र डेमोत हवीच आहे मला, त्यामुळे जूनचा सोडून ऑक्टोबरचा धरलाय.