मागे घेता येणारी चूक

बहिःस्थ परीक्षक म्हणून पीएच.डी.चा प्रबंध हातात आला की मी आधी संदर्भसूची उघडतो. शीर्षकात स्वातंत्र्य आणि पर्यावरण असलं की आतला मजकूर ठरलेला असतो. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाचा १८५९ चा 'ऑन लिबर्टी', त्यातलं 'इतरांना इजा होत नसेल तर आड येऊ नका' हे तत्त्व, मग धूर ही इजा, म्हणून बंदी योग्य. एका माणसाच्या एका गाडीने नेमकी कुणाला इजा झाली, हे कुणी विचारत नाही. इजा करणारे अब्जावधी आणि सोसणारे बरेचसे अजून जन्मायचे, तिथे ते तत्त्व ओढूनताणूनच बसवावं लागतं.

यावेळी जिचा प्रबंध आला, त्या मुलीने ती वाटच सोडली होती. तिने तत्त्वज्ञ कार्ल पॉपर घेतला. आपल्याकडे पॉपर म्हटलं की सगळ्यांना सहिष्णुतेचा विरोधाभास (असहिष्णू लोकांनाही अमर्याद सहन केलं तर सहिष्णुताच संपते) आठवतो, जो १९४५ च्या 'द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज' या ग्रंथात मुळात एका टिपेत आहे. नववं प्रकरण वाचलेले क्वचित भेटतात. तिने तेच धरलं: सुधारणा थोड्याथोड्याने करा, म्हणजे चूक कळेल आणि दुरुस्त करता येईल. पण चूक मागे घेता येते, हे त्यात गृहीत आहे. नामशेष झालेली प्रजाती परत येत नाही. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षं तिथेच राहतो. तेव्हा निसर्गाला स्वतःचं मूल्य आहे का, या वादात न पडताही उदारमतवाद्याला पर्यावरणासाठीचे निर्बंध मान्य करावे लागतात, असा तिचा दावा.

समितीतले एक ज्येष्ठ "लिओपोल्ड कुठेय, नेस कुठेय?" असं पर्यावरण-विचारातल्या ठरलेल्या नावांतच अडकले. नावं मोजण्याला ते परीक्षण म्हणतात.

मी विचारलं, "काय दिसलं तर तुम्ही हा दावा सोडाल?" व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, या प्रश्नावर बहुतेक जण 'पुढील संशोधनाची दिशा' सांगून निसटतात.

ती म्हणाली, "सर, निर्बंधही मागे घेतले जात नाहीत असं दिसलं तर. संकटाच्या नावाने घेतलेले अधिकार सरकार परत करत नसेल, तर तीही न सुधारणारी चूकच. मग माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटतो."

मार्गदर्शकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पोरीने स्वतःच प्रबंध बुडवला. मी तिथेच मान्यतेची शिफारस ठरवली.

शेवटच्या प्रकरणात तिने उपाय दिलाय: प्रत्येक निर्बंधाला मुदत, आणि ती संपली की तो आपोआप रद्द. पण पाच वर्षांचा कायदा शतकांच्या नुकसानीला पुरणार नाही, आणि शंभर वर्षांचा कायदा आज मत देणाऱ्या कुणालाच मोडीत काढता येणार नाही. मुदत किती, हे लिहून आणा, अशी दुरुस्ती मी अहवालात सुचवली आहे. मला स्वतःला अजून आकडा सुचलेला नाही.