किंक्रांतीला उघडणारी शाळा

किंक्रांतीला नवीन काही सुरू करायचं नाही, हा आमच्या सासूबाईंचा नियम. त्या दिवशी लोणच्याची नवी बरणीसुद्धा उघडू देत नाहीत. यंदा, २०२६ला, संक्रांत १४ जानेवारीला, म्हणजे किंक्रांत १५ला, आणि नेमकी त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : स्टारफ्लीट अकॅडमी’ ही ‘स्टारफ्लीट’ नावाच्या अंतराळदलाच्या शाळेची मालिका सुरू होतेय. पहिले दोन भाग एकदम. सासूबाईंना सांगितलं, तर सुपातले खडे वेचता वेचता म्हणाल्या, “मगे बुडतली ती.”

कणकवलीच्या माझ्या भाच्याचंही तेच म्हणणं आहे. त्याची कारणं पंचांगातली नाहीत एवढंच.

मला हे वेड लागलं ते लालबागच्या चाळीत. ऐंशीच्या दशकातली मे महिन्याची सुट्टी. संपानंतर मामाची गिरणी कायमची बंद पडलेली, तो घरीच असायचा. शेजारच्या खोलीत लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनी ‘स्टार ट्रेक’ लागायची. १९६६ ते ६९ मधले ते ७९ भाग, त्यातले मी फार तर पाच-सहा पाहिले असतील. इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. चाळीतली पोरं त्यातल्या परग्रहावरच्या स्पॉकचे टोकदार कान बघून खिदळायची. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. माझं माहेर आचऱ्याचं. जत्रेच्या रात्री काळ्या बुरख्यातला संकासुर अंगावर आला म्हणून आईच्या पदरात तोंड लपवलेली मी, मला दोन कानांचं काय!

खरं तर त्या मालिकेला दाद द्यायला दशावतार पाहिलेला माणूसच हवा. दशावतारात मंचावर एक बाक असतो. तोच सिंहासन, तोच रथ, तोच विरहात लोळायचा पलंग. राजा बाकावर चढून म्हणाला “मी आता पर्वतावर उभा आहे” की तो पर्वत. त्या मानानं ‘स्टार ट्रेक’मधल्या कप्तान कर्कच्या यानात बटणं तरी होती, लुकलुकणारी. आजच्या मालिकांत सगळं डोळे दिपतील असं दिसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ट्रेलर बघून “काय ग्राफिक्स आहेत!” म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बाक चांगल्या सागाचा आहे म्हणून कोणी रात्रभर नाटकाला बसत नाही.

तर भाचा. वय २६, यानांचे वर्ग आणि सगळ्या कप्तानांची सनावळी तोंडपाठ. ट्रेलर पाहिल्यावर त्याचा फोन आला. “मावशी, ही कॉलेजची लफडी आहेत. गणवेश स्टारफ्लीटचा, बाकी सगळं अकरावी-बारावी.” त्याचा राग मला कळतो. ट्रेलरमध्ये पोरं भांडतात, चेष्टा करतात, एकमेकांकडे नको तितकं बघतात आणि बोलतात आजच्या अमेरिकन पोरांसारखी. बत्तिसाव्या शतकात! त्याच्या म्हणण्याप्रमाणे या मंडळींना ‘स्टार ट्रेक’ करायचीच नाहीये, त्यांना तरुण गिऱ्हाईक हवंय.

दुसरी शंका आकड्यांची. ‘नेक्स्ट जनरेशन’ या जुन्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे सात वर्षांत १७८ भाग झाले, आता एका हंगामाला १०. मी शिक्षिका आहे, मला हे लगेच पोचलं. दहा तासिकांत अभ्यासक्रम उरकायचा म्हटलं की पहिल्यांदा काय कापलं जातं? चित्रकला, कार्यानुभव, खेळ. मालिकेतही तेच होतं. जगबुडी टाळायला दहा तास कसेबसे पुरतात, मग कोणी मांजरावर कविता करणार नाही की पत्ते कुटणार नाही. ‘नेक्स्ट जनरेशन’मधला डेटा नावाचा यंत्रमानव मला आवडला तो त्यानं जग वाचवलं म्हणून नव्हे. त्यानं मांजर पाळलं होतं आणि तिला ऐकवायला खरंच एक कविता लिहिली होती म्हणून.

तिसरी शंका अशी की, ही मंडळी सुरू केलेलं निभावतात का? मुलांसाठी केलेली ‘स्टार ट्रेक’चीच ‘प्रॉडिजी’ हे लोक २०२३मध्ये स्वतःच्याच ॲपवरून उतरवून बसले. चांगली चालली होती हो ती. शेवटी नेटफ्लिक्सनं घरी नेली. अकॅडमीचा दुसरा हंगाम म्हणे पहिला दिसायच्या आधीच मंजूर झालाय. भाचा याला शुभशकुन मानत नाही. “आधीच पैसे भरलेत म्हणून करतायत,” असं त्याचं भाष्य. हा मुलगा लग्नाला कसा उभा राहणार देव जाणे.

एवढं सगळं पटूनही मी या मालिकेची वाट बघतेय. त्याचं कारण गोष्टीच्या मुळाशी आहे, आणि ते समजायला आधी ‘बर्न’ समजायला हवा. ज्यांनी ‘डिस्कव्हरी’ या आधीच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा तिसरा हंगाम पाहिला नसेल आणि बघायचा असेल, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

साल ३०६९. यानं वेगानं पळतात ती डायलिथियम नावाच्या स्फटिकावर. एका क्षणी अख्ख्या आकाशगंगेतलं डायलिथियम निकामी होतं आणि धावती यानं जागच्या जागी फुटतात. ग्रह एकमेकांपासून तुटतात, त्यांचं संघराज्य विस्कटतं. शंभराहून जास्त वर्षं असंच. आमच्या आचऱ्याची गावपळण ज्यांनी पाहिलीय त्यांना हे चित्र चटकन दिसेल. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांतून राहतो. लहानपणी मला त्याची फार मजा वाटायची. चौथ्या दिवशी परतायचा कौल मागतात. पोरं तेव्हा हिरमुसतात, आणि म्हाताऱ्या मात्र देवाच्या तोंडाकडे बघत असतात, कौल मिळतो की नाही म्हणून. बर्न म्हणजे परतीचा कौल न मिळालेली गावपळण.

तो बर्न झाला कशामुळे? तर डायलिथियमच्या ग्रहावर अडकलेल्या एका पोराची आई त्याच्या डोळ्यांदेखत गेली आणि त्यानं हंबरडा फोडला, त्यामुळे. भाचा अजून यावर खवळतो. “एक पोर रडलं म्हणून आकाशगंगा बंद पडते? हे शास्त्र आहे?” शास्त्र नाहीच. पण मी चार वर्गांची शाळा एका खोलीत चालवलीय. पहिलीतलं एक रडायला लागलं की चौथीपर्यंत सगळं बंद पडतं.

आता ही नवी गोष्ट. संघराज्य हळूहळू जोडलं जातंय आणि सॅन फ्रान्सिस्कोतली अकॅडमी पुन्हा भरणार आहे. शंभराहून जास्त वर्षांनी तिथे पहिली तुकडी येतेय.

बंद पडलेली शाळा उघडते, हे मी आजवर कुठे पाहिलेलं नाही. आमच्याकडे सगळं उलट. इथे जवळच खाडीकाठच्या वाडीत आमची दोन शिक्षकांची शाळा होती. जनरल रजिस्टरमधली पहिली नोंद १९५४ची, शाईच्या टाकानं लिहिलेली, अक्षर असं की छापलेलं वाटावं. मी रुजू झाले तेव्हा पट एकतीस होता. मग घरं मुंबईला गेली. राहिली त्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली, आणि पट नऊ, सहा, चार असा उतरत गेला. एका जूनमध्ये प्रवेशोत्सवाला फुगे लावले, पाटावर रांगोळी काढली आणि पहिलीत कोणीच आलं नाही. पुढच्या वर्षी समायोजन. रजिस्टर, शिक्का आणि खिचडीचं मोठं पातेलं रिक्षात घालून मी सहा किलोमीटरवरच्या केंद्रशाळेत जमा केलं. पोच पण मिळाली, सही-शिक्क्याची. घंटा म्हणून टांगलेला लोखंडी तुकडा तेवढा आंब्याच्या झाडावर राहिला. तो कुठल्याच यादीत नव्हता.

म्हणून ट्रेलरमध्ये भाच्याला लफडी दिसली आणि मला दिसलं ते आवार. इतकी वर्षं बंद असलेल्या इमारतीत पहिल्या दिवशी काय काय करावं लागत असेल! शिकवायला माणसं कुठून आणली? जुनी पुस्तकं चालतात का? ज्या ग्रहांनी शंभर वर्षं एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत, त्यांची पोरं एका बाकावर बसवायची म्हणजे खायचं काम नाही. मी वरची वाडी आणि खालची वाडी एका ओळीत बसवताना जेरीस आले होते.

पात्रांबद्दल कळलंय त्यात मला आशेच्या जागा सापडतात. हॉली हंटर यात यानाची कप्तान आणि अकॅडमीची प्रमुख दोन्ही आहे. (दोन शिक्षकांच्या शाळेत मी मुख्याध्यापिका, कारकून आणि खिचडीत मीठ बघणारी अशी तिन्ही होते, पण असो.) ती शतकानुशतकं जगणाऱ्या वंशातली आहे, बर्नच्या आधीचा काळ तिनं स्वतः पाहिलाय. उरलेल्यांनी जे फक्त ऐकलं ते हिला आठवतं. अशी बाई शाळेत असली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तिच्या “आमच्या वेळी” ऐकण्यात बिघडतं.

विद्यार्थ्यांत एक क्लिंगॉन आहे. क्लिंगॉन म्हणजे लढाईशिवाय दुसरं न कळणारे लोक, आणि या पोराला व्हायचंय वैद्य. घरच्यांना हे कसं सांगितलं असेल त्यानं? हा एक प्रसंग नीट लिहिला तरी माझे पैसे वसूल. एक मुलगी चक्क होलोग्राम आहे. तिचा प्रवेश कसा करून घेतला ते मला बघायचंय. जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहिलं? आमच्या पोर्टलवर आधार नसेल तर हाडामांसाचं पोर चढत नाही, ही तर उजेडाची!

आणि रॉबर्ट पिकार्डो. ‘व्हॉयेजर’मधला तो बिननावाचा होलोग्राम डॉक्टर. ती मालिका सुरू झाली १६ जानेवारी १९९५ला, म्हणजे तो परत येतोय तो ३१ वर्षांना एक दिवस कमी असताना. गोष्टीच्या हिशेबानं मधे आठेकशे वर्षं गेलीत. तो तसाच किरकिरा, तसाच गाणारा असेल तर मला चालेल. त्याला समजूतदार आजोबा करून ठेवलं तर मात्र मीही भाच्याच्या बाजूला जाऊन बसेन.

जत्रेत पुढच्या रांगेत एक म्हातारे बसायचे. प्रत्येक आख्यान त्यांना पाठ. नट नवीन संवाद घालायचे, मधेच सरपंचाला टोमणा मारायचे, त्यावर हे खुशाल हसायचे. पण एकदा भीम झालेला गडी रडून क्षमा मागायला लागला तेव्हा जागेवरून ओरडले, “अरे, भीम असो नाय!” मागच्या घटना, सनावळ्या, क्लिंगॉनच्या कपाळाच्या वळ्या यावर चाहते जे भांडतात त्यातलं निम्मं मला टाकाऊ वाटतं. पण भीम भीमासारखा वागला पाहिजे, एवढं मात्र हवंच. स्टारफ्लीटची पोरं वेडीवाकडी असतील, प्रेमात पडतील, पडू देत. वेळ आली की ती परक्याचं ऐकून घेतात की आधी बंदूक काढतात, मी त्यावर लक्ष ठेवणार आहे. ट्रेलरमध्ये बंदुका जरा जास्तच दिसल्या.

आमच्या त्या बंद शाळेतला एक मुलगा आता मर्चंट नेव्हीत आहे. परवा सुट्टीवर आला, तेव्हा आंब्याची फवारणी बघत अंगणात उभा होता. त्याला म्हटलं, तू खराखुरा कॅडेट होतास, पहिल्या जहाजावर पहिल्या दिवशी काय शिकवलं सांग. म्हणाला, “बाई, पहिले पंधरा दिवस नुसता गंज खरवडला. हातोडी दिली आणि डेकवर बसवलं. सोळाव्या दिवशी रंगाचा डबा दिला तेव्हा आईला फोन करून सांगितलं.”

हे भाच्याला सांगितलं. तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गंज खरवडताना दाखवलं तर मी दहाही भाग बघीन.”

आपल्याकडे ती कुठे दिसेल, दिसेल की नाही, याचा शोध पुण्यात लेक घेतोय. दिसलीच तर शुक्रवारी मला जमणार नाही, केंद्रात बैठक आहे. शनिवारी शाळा सकाळची. धाकट्या दिरांना सांगून ठेवलंय की दुपारनंतर पंप सुरू करायचा नाही, त्या आवाजात काही ऐकू येत नाही. त्यांनी सासूबाईंकडे तक्रार केली. सासूबाई म्हणाल्या, “शेनवारी लावतली ना? मगे लाव. किंक्रांत सरली काय हरकत नाय.” आणि थोड्या वेळानं आतून विचारलं, “तो कानवालो आसा काय त्यात?”